नवरदेव सोडून सगळ्यांच्या पसंतीचं

बँडची सुपारी द्यायला गेलेला मुलाचा बाप मास्तरांना सगळं विचारतो. माणसं किती आणणार, कोट लाल का निळे, डोक्यावर टोपी का फेटा, जनरेटर तुमचं का आमचं, घोडा तुमच्या ओळखीत आहे का, आणि असला तर त्याला फटाक्यांची सवय आहे का. हा शेवटचा प्रश्न दोनदा विचारला जातो, कारण प्रत्येक भावकीत एक तरी नवरदेव असा होऊन गेलेला असतो, जो घोड्यासकट थेट ज्वारीच्या रानात जाऊन थांबला. मग भाव होतो, इसार दिला जातो, बशीतून चहा होतो. गाणी कोणती वाजवणार, एवढंच कोणी विचारत नाही.

विचारायची गरजच वाटत नाही. प्रत्येकाच्या डोक्यात वरातीची गाणी पक्की ठरलेली असतात, आणि आपल्या डोक्यात आहेत तीच जगाच्या डोक्यात आहेत याबद्दल कोणाला तिळमात्र शंका नसते. मास्तर मात्र मुरलेले असतात. इसाराच्या नोटा मोजून खिशात घालता घालता ते सहज विचारतात, "नवरदेवाचे मामा कोण?" नव्या माणसाला वाटतं, ओळख काढायलेत. मास्तर गाणी निवडत असतात.

वरातीतलं गाणं कोणासाठी वाजतं, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, ज्यांचं लग्न नाही त्यांच्यासाठी. नवरदेव घोड्यावर असतो. एका हातात लिंबू खोचलेली कट्यार, दुसऱ्या हातात जीव, तोंडावर मुंडावळ्या, अंगात भर मे महिन्यात शेरवानी. त्याला नाचता येत नाही, ओरडता येत नाही, कपाळावरचा घाम पुसायलाही करवलीची वाट बघावी लागते. नवरी आतल्या खोलीत पार्लरवालीच्या ताब्यात. ज्यांच्या नावानं पत्रिका छापली ते दोघं असे मतदानातून बाद झाले, की उरलेलं गाव मतदानाला बाहेर पडतं.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात लग्नसराई पेटते ती हळद विकली की. फेब्रुवारी-मार्चात हळद निघते. मग ती उकडायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि वसमतला किंवा हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात नेऊन घालायची. पट्टी हातात पडली की बाप आधी सोनाराकडं जातो आणि मग बँडवाल्याकडं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे हळद आमची, यावर आता सरकारी शिक्का आहे. हळदीची गाणी मात्र आमची नाहीत. ती येतात रायगड-ठाण्याकडच्या आगरी-कोळी वस्त्यांतून. समुद्र इथून पाचशे किलोमीटर. कयाधूचं पात्र मे महिन्यात मोटारसायकलवरून ओलांडता येतं. तरी हळदीच्या रात्री आख्खी भावकी मांडवात ओळीनं उभी राहून वल्हं मारते, जाळं फेकते, आणि एखादी आत्या डोक्यावर न दिसणारी पाटी घेऊन म्हावरं विकायला निघते. आत्या पक्की माळकरी. मासळीचा वास आला तर रस्ता बदलणारी. ज्या आजीला जात्यावरच्या हळदीच्या ओव्या येतात, ती कोपऱ्यात पाय पसरून हे सगळं बघत असते. तिच्या ओव्यांना जनरेटर लागत नाही, त्यामुळं तिला कोणी सुपारी देत नाही.

पण हळद म्हणजे नुसती तालीम. खरा सामना दुसऱ्या दिवशी, परण्याला. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो परण्या. पत्रिकेवर मुहूर्त असतो बारा वाजून पस्तीस मिनिटं. त्यातली ती पाच मिनिटं गुरुजींनी पंचांग बघून इतकी काटेकोर काढलेली असतात की वाचणाऱ्याला धाक वाटावा. लग्न लागतं अडीचला. मधला सगळा वेळ बँडच्या मालकीचा. मारुती ते मांडव हे अंतर तीनशे मीटर. पायी चार मिनिटं, बँडबरोबर दोन तास. ब्रास बँड हे प्रकरण मुळात पलटणीचं. हिंगोली तर जुनं छावणीचं गाव, हैदराबाद कंटिन्जंटचं लष्कर इथं असायचं. त्या कवायतीतलं पितळ आमच्या वरातीत उरलं, कोटाची सोनेरी बटणं उरली, खांद्यावरच्या झालरी उरल्या. फक्त पुढं चालणं तेवढं गळालं.

परण्यातल्या पहिल्या दोन गाण्यांवर वाद नसतो. एक गणपतीचं, दुसरं मारुतीपुढचं. हे दोन देव पार पडले की लोकशाही सुरू होते, आणि लोकशाहीचा पहिला मानकरी मामा.

मामाचा हक्क कोणी नाकारत नाही. त्यानं भाच्याला कपडे केलेले असतात, अंगठी घातलेली असते, आणि मांडवात मान कमी पडला तर काय होऊ शकतं हे भावकीनं एकदा बघितलेलं असतं. मामा पुढं येतात, शंभराची नोट नवरदेवावरून ओवाळतात, मास्तरांच्या कोटाला टाचतात आणि म्हणतात, "मास्तर, आता आपलं होऊ द्या." गाण्याचं नाव घ्यावं लागत नाही. 'आपलं' म्हणजे 'नागिन'.

'नागिन' हा सिनेमा १९५४ चा, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली बीन ही बीन नव्हेच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या परदेशी वाद्यावर तो आवाज काढला होता, सोबत रवी यांची हार्मोनियम. आता आमच्या बँडमधला पोरगा तोच आवाज कॅसिओवर काढतो. म्हणजे पुंगीची नक्कल करणाऱ्या वाद्याची ही नक्कल. पण नाग अस्सल निघतो. वय पंचावन्न, अंगात पांढरी सफारी, वरच्या खिशात शुगरच्या गोळ्या. तो दोन्ही पंजे जोडून डोक्यावर फणा काढतो, गुडघ्यावर येतो आणि रस्त्यावर आडवा होतो. दुसरे एक मामा, बहुधा चुलत, रुमालाचं टोक दातात धरून गारुडी होतात. भोवती रिंगण पडतं. आता हे गाणं संपवायचं कधी, हे मास्तरांच्या हातात नसतं. नाग उठल्याशिवाय पुंगी थांबवायची नाही, हा धंद्याचा नियम आहे. रस्ता मुरमाचा असेल तर नाग वेळ घेतो. डांबरी असेल तर दुपारच्या उन्हात लवकर उठतो. सडक योजनेचा असाही एक फायदा.

हार्मोनियमवरच्या त्या रवींबद्दल इथं थोडं थांबायला हवं. रविशंकर शर्मा हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म दिल्लीचा, १९२६ चा. सिनेमात येण्याआधी हा माणूस विजेची कामं करायचा. पुढं संगीतकार झाल्यावर त्यानं भारतातल्या लग्नांची वायरिंगच करून टाकली. यार घोड्यावर बसला की जे गाणं वाजल्याशिवाय घोडा हलत नाही ते १९७७ च्या 'आदमी सडक का' मधलं. संगीत रवी, आवाज रफीचा. तो सिनेमा बघितलेला माणूस हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा या पाचही तालुक्यांत मला अजून भेटायचा आहे, आणि ते गाणं माहीत नसलेलाही. नवरी सासरी निघाली की क्लॅरिनेटवर जे वाजतं ते 'नील कमल' मधलं, १९६८ चं. पुन्हा रवी, पुन्हा रफी. पन्नाशीला आलेले काका काकूंकडं बघत जे गुणगुणतात ते 'वक्त' मधलं, १९६५ चं, तेही रवींचंच. मध्ये मामा आडवे झालेले असतात तिथंही हार्मोनियमवर हाच गडी. २०१२ साली रवी गेले. त्या वर्षीच्या लग्नसराईत, पुढच्या वर्षीच्या आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षीच्या लग्नसराईत ते नेहमीच्या वेळेला हजर होते.

मामांनंतर दाजी. दाजींचा हक्क नोटेवर नसतो, रुसण्यावर असतो. त्यांची फर्माईश झाली नाही तर ते काही बोलत नाहीत, सरळ जाऊन गाडीत बसतात आणि काच वर करतात. मग ताई रडते, सासूबाई मास्तरांना शोधत येतात. आणि दाजींची पसंती तरी कशी? रिंगणाच्या मागं कोणाच्या तरी कारच्या डिकीजवळ थोडा वेळ घालवून आलेले दाजी हटकून विरहाचं गाणं मागतात. ती सोडून गेली, जग वैरी झालं, आता जगून काय करू, असल्या अर्थाचं. मेव्हण्याच्या लग्नात. बायको समोर उभी असताना. इथं मास्तरांचं कसब दिसतं. ते चाल तीच ठेवतात आणि साइड ड्रमवाल्याकडं बघून नुसती भुवई उचलतात. ठेका दुप्पट होतो, झांज सुटते, खुळखुळा लागतो, आणि जो प्रेमवीर पडद्यावर दारूचा ग्लास धरून भिंतीला टेकला होता त्याच्याच दुःखावर करवल्या फुगडी घालायला लागतात. दाजींचे डोळे भरून येतात आणि पायही हलतात. माणसाला एका वेळी एवढं समाधान दुसरं कोण देणार?

हे जमतं, कारण क्लॅरिनेटला शब्द नसतात. वरातीतल्या शांततेचं खरं श्रेय मी या एका गोष्टीला देतो. हेच गाणं डीजेवर शब्दांसकट लागलं असतं, तर पहिल्या कडव्यालाच थोरल्या आबांनी काठी आपटली असती. लावणी पितळेतून आली की आबांना चालते. शिवाय आमच्याकडं भजनी मंडळांची एक जुनी सवय आहे. सिनेमातली चाल आवडली की तिच्यावर अभंग किंवा गौळण बसवायची. त्यामुळं भर वरातीत असं होतं की बँड एकच धून वाजवत असतो, पोरं तिच्यावर कंबर हलवत असतात, आणि कडेला ओट्यावर बसलेले टाळकरी बुवा डोळे मिटून म्हणतात, "वा! एकादशीला हेच घेतलं होतं." दोघंही बरोबर असतात. मास्तरांनी कोणतं वाजवलं, हे मास्तर सांगत नाहीत.

नवरदेवाच्या मित्रांची मागणी एकच असते आणि ती परण्याच्या सुरुवातीपासून दर पाच मिनिटांनी होत असते. 'सैराट' येऊन गेला २०१६ साली. तेव्हा चौथीत असलेली पोरं आता नवरदेवाचे मित्र आहेत, पण 'झिंगाट' हटलेलं नाही. या सिनेमाच्या संगीतातला वाद्यवृंद अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला होता. आमचे मास्तर तो दोन ट्रम्पेट, एक युफोनियम आणि एक कॅसिओ यांत बसवतात, आणि गर्दीतल्या कोणालाही व्हायोलिनं कमी पडल्याचं जाणवत नाही. मला जाणवतं ते वेगळंच. कुळी बघून, पाहुण्यांच्या पाहुण्यांकडून चौकशी करून, पत्रिका दोन ठिकाणी दाखवून जमवलेलं लग्न असतं. मुलीच्या भावांनी कमरेला शेले बांधलेले असतात आणि ते जातीबाहेर लग्न केलेल्या पोरीला तिच्या भावानं संपवलं त्या सिनेमातल्या गाण्यावर जीव तोडून नाचत असतात. मुलीचे वडीलही दोन पावलं टाकून घेतात. सिनेमा सगळ्यांनी बघितलेला आहे. शेवट सगळ्यांना आठवतो. पण ठेका असा आहे की आठवणीला रिंगणात शिरायला जागा मिळत नाही.

अलीकडं या मतदारयादीत नवरीचं नाव घुसलंय, पण तेही पळवाटेनं. मंडपात येताना तिला 'एन्ट्री' असते. चार भाऊ डोक्यावर फुलांची चादर धरतात आणि तिनं स्वतः निवडलेलं गाणं वाजायचं असतं. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. नवरी आली की 'सूरज' मधलं, १९६६ चं, शंकर-जयकिशनचं फुलांचं गाणं. फुलं पडोत न पडोत. आता नवरीनं आठ दिवस आधी मास्तरांना मोबाइलवर रील पाठवलेली असते. रील तीस सेकंदांची. मास्तर ती ऐकतात, सूर वहीत उतरवतात, पोरांना शिकवतात. लग्नाच्या दिवशी नवरी दारापासून निघते, तीस सेकंद होतात, गाणं संपतं, आणि ती अजून सोफासेटाच्या अलीकडं वीस पावलांवर असते. पुढं काय? या गाण्याला अंतरा आहे हे नवरीलाही ठाऊक नसतं. मास्तर पुन्हा तीच तीस सेकंदं वाजवतात, मग तिसऱ्यांदा, आणि चौथ्या खेपेला कंटाळून मधल्या जागेत 'सूरज' घालतात. म्हाताऱ्या बायका मान डोलावतात. "आता कसं लग्नाचं गाणं लागलं."

मास्तरांची ती वही एकदा बघण्यासारखी आहे. सुरांची अक्षरं, त्यावर खाणाखुणा, आणि गाण्याच्या नावाऐवजी कुठं 'मामा', कुठं 'थोरले पाहुणे', कुठं 'गाडी लागली की'. कोणत्या वस्तीत काय, तेही त्यात असतं. बौद्ध वस्तीतलं लग्न असेल तर सुरुवात गणपतीनं करायची नसते, हे नव्या बँडवाल्याला पहिल्याच आठवड्यात शिकावं लागतं. तिथं त्रिशरण-पंचशीलानं लग्न लागतं आणि वरातीत वामनदादा कर्डकांची भीमगीतं मागितली जातात, प्रल्हाद शिंद्यांची मागितली जातात. प्रल्हाद शिंद्यांनी पंढरीच्या विठ्ठलाचीही गाणी गायली आणि भीमगीतंही. त्यामुळं गावाच्या एका टोकाला ज्या गळ्याशिवाय आषाढी होत नाही, त्याच गळ्याशिवाय दुसऱ्या टोकाला जयंती होत नाही. दोन्ही टोकांना हे फारसं बोलून दाखवलेलं चालत नाही. मास्तर दोन्हीकडं वाजवतात आणि दोन्हीकडं टाळ्या घेतात. पुढारी आले की चालू गाणं तोडून स्वागताची धून, हाही वहीतला एक नियम. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. पुढाऱ्यांचं भाषण झाल्यावर वाचण्यासारखंही फार उरत नाही.

एवढी गाणी दुसऱ्यांची वाजवायची म्हणजे कोणाला तरी पैसे द्यावे लागत असतील, असं शहाण्या माणसाला वाटेल. आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक समारंभात वाजवलेल्या गाण्यांना सूट आहे, आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सोहळेही धरायचे, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. तरी वसुलीच्या तक्रारी आल्या, तेव्हा जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या खात्यानं सूचना काढून ते पुन्हा बजावलं. म्हणजे तापलेल्या डांबरावर आडवे झालेले मामा हा कायद्याच्या नजरेत धर्मकृत्याचा भाग आहे. मामांना हे मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग? आम्ही काय टाइमपास करायलाव का?"

आवाजाच्या बाबतीत कायदा इतका दिलदार नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणं राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री पंचेचाळीस. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. त्यावर २००५ साली सर्वोच्च न्यायालयानंही कडक निकाल दिला. पंचावन्न डेसिबल म्हणजे दोन माणसं नीट बोलतात तेवढा आवाज. आमच्या वरातीत दोन माणसं नीट बोलायची म्हटली तर त्यांना शेजारच्या गावी जावं लागतं. रात्रीची वरात असली की पावणेदहाला जमादार येऊन उभे राहतात. "शेवटचं एक" असं ठरतं. ते एक कोणतं, यावर दहा वाजून जातात.

डीजेनं या सगळ्यावर उपाय काढला असं पोरांना वाटतं. पेनड्राइव्हमध्ये हजार गाणी, दम लागत नाही, पाणी मागत नाही, पितळी वाद्याचं तोंड उन्हानं तापून ओठाला चटका बसत नाही. मान्य. पण डीजेला समोर काय चाललंय ते दिसत नाही. बँडला दिसतं. म्हातारी आत्या दोन पावलं टाकायला पदर खोचून पुढं आली की मास्तर ठेका उतरवतात. दोन भावांची रिंगणात जुनी बांधाची आठवण निघाली की मास्तर गाणं अर्ध्यात सोडून झटकन गणपतीची आरती धरतात. आरतीत कोणी कोणाची कॉलर धरत नाही. आपल्या जिल्ह्यात नरसीचे नामदेव होऊन गेले. औंढ्याला नागनाथाच्या देवळामागं त्यांनी कीर्तन केलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, अशी कथा लहानपणापासून ऐकतो. मास्तरांची अपेक्षा एवढी मोठी नाही. वऱ्हाड मांडवाकडं वळावं, एवढंच त्यांचं मागणं असतं, आणि तेवढ्यासाठी त्यांना सहा-सात गाणी खर्ची घालावी लागतात.

या माणसाला पंगतीत मात्र शेवटी बसवतात. आधी पाहुणे, मग भावकी, मग गाव, मग बँडवाले आणि हलगीवाले, तेही मांडवाच्या बाहेर, जनरेटरच्या धुरात. तोवर बुंदी संपलेली असते आणि वाढप्यांचा उत्साहही. ज्यांच्या तालावर नागानं फणा काढला त्यांना वरण पातळ मिळतं. ऑकलंड विद्यापीठातल्या ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकानं भारतातल्या लग्नाच्या बँडवाल्यांवर 'ब्रास बाजा' नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं आणि ऑक्सफर्डनं ते २००५ साली छापलं. आमच्याकडं यांची जात अजून ताट वाढताना आठवते. गाणं ऐकताना आठवत नाही, एवढाच काय तो फरक.

उरली पाठवणी. तांड्यावर बंजाऱ्यांचं लग्न असेल तर तिथं मास्तर पितळ खाली ठेवतात. नवरी आईच्या, मावशीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून स्वतः ढावलो गाते. रडणं तिचं, चालही तिची. लग्नात नवरीचं गाणं नवरीनंच म्हटल्याचं मी पाहिलं ते तिथं. बाकी सगळीकडं रडायची सोय रवी आणि रफी यांच्याकडं. मास्तरांनी 'नील कमल' ची चाल धरली की पहिल्या ओळीला आई, दुसऱ्या ओळीला मावश्या, अंतऱ्याला शेजारणी, असा क्रम ठरलेला. मुखडा दोनदा, अंतरा एकदा, तेवढ्यात गाडी सुटते. एवढ्याच मापाचं रडणं आणलेलं असतं.

वसमतकडच्या एका लग्नात गाडी सुटलीच नाही. मित्रांनी दुपारभर गाडीच्या डेकवर 'झिंगाट' लावून बॅटरी उतरवली होती. फुलांनी सजवलेल्या गाडीला धक्का कसा मारायचा, यावर दोन्हीकडच्या पाहुण्यांत चर्चा सुरू झाली. ट्रॅक्टर आणायला माणूस गेला. मास्तर इमानदार, नवरी गाडीत आहे तोवर पाठवणीचं गाणं बंद करायचं नाही. मुखडा, अंतरा, मुखडा, अंतरा. तिसऱ्या फेरीला मावश्यांनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. चौथ्या फेरीला एकीनं विहीणबाईंना रुखवतातल्या पापडांचं प्रमाण विचारलं. पाचवी फेरी सुरू होताना गाडीची काच खाली आली आणि आतून नवरी म्हणाली, "काका, दुसरं कायतरी वाजवा ना. आता रडू येईना."

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं, आणि सवयीनं मामांकडं बघितलं.